न कळवता आलेला रे

“माफी कसली मागतेयस?”

आमच्या माएस्त्राने, म्हणजे गायनवृंद शिकवणाऱ्या बाईने, हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सरळ माझ्याकडे बघत हे विचारलं. मंगळवारची रात्र, साडेनऊ वाजून गेलेले, इटलीत, बोलोन्यातल्या एका चर्चच्या मागचा हॉल. नोव्हेंबर असल्यामुळे कुणी कोट काढलेले नव्हते. फरशी पुसायच्या औषधाचा वास, त्यात कुणीतरी नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा वास. खर्जातली पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी थांबली. मी कुणाची माफीबिफी मागितली नव्हती. मी आपली गात होते. तीन-चार मात्रांची विश्रांती मनात मोजून, श्वास घेऊन, माझ्या जागेवर बरोब्बर आले होते. स्वर फक्त जरा हळू लावला, इतकंच. म्हणजे लावला आणि लगेच अंग चोरलं. बाई म्हणाली, “पुन्हा. आणि या वेळी दार उघडून आत ये. फटीतून डोकावू नकोस.” पुन्हा गायले. पुन्हा अंग चोरलं. शेजारी बसणाऱ्या, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या आजींनी कागदात गुंडाळलेली ज्येष्ठमधाची गोळी माझ्या हातात सरकवली. गळ्याचा दोष असेल असं त्यांना वाटलं असावं. गळ्याचा नव्हता.

बसमधून घरी येताना, दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, तो प्रश्न खड्यासारखा टोचत राहिला. माफी कसली?

गाणं मोंतेवेर्दी या जुन्या इटालियन संगीतकाराचं. ‘क्रूदा आमारिल्ली’. पाच आवाजांसाठी बांधलेलं, गायला तीन मिनिटांच्या आसपास लागतात. शब्द ग्वारिनी नावाच्या कवीच्या नाटकातले. मिर्तिल्लो नावाचा मेंढपाळ आमारिल्लीवर जीव टाकून बसलाय आणि ती त्याला जवळ येऊ देत नाही. तो म्हणतो, निष्ठुर आमारिल्ली, तुझं नुसतं नावसुद्धा प्रेम करायला शिकवतं, पण हाय, किती कडू शिकवतं. लिगुस्त्रोच्या पांढऱ्या फुलाहून तू गोरी आणि देखणी, पण बहिऱ्या नागाहून बहिरी, क्रूर आणि हाती न लागणारी. मी बोललो की तुला लागतं. तर मग आता न बोलताच मरेन. संपलं गाणं. पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हा मी ‘आमार’ हा शब्द आपल्या ‘अमर’सारखा वाचला होता आणि मनात म्हटलं, वा, इथेही प्रेम अमरच. मग कळलं की ‘आमार’ म्हणजे प्रेम करणं, ‘आमारो’ म्हणजे कडू, आणि कवीने या दोघांना त्या मुलीच्या नावात कोंबलंय. ‘आमारो’ मला आधीपासून माहीत होता तो कॉफीमुळे. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्याला इथे बारवाला “आमारो?” एवढंच विचारतो आणि साखरेची पुडी बशीतून उचलून घेतो. चारशे वर्षांपूर्वीचा श्लेष रोज सकाळी काउंटरवर ऐकायचा आणि आपल्याला पत्ता नसायचा, याची गंमत वाटली.

माझी अडचण ‘हाय’वर होती. ‘आही लास्सो’. तेराव्या मापात, म्हणजे आपल्या भाषेत तेराव्या आवर्तनात म्हणा. खाली खर्जाचा आवाज ‘सोल’ धरून उभा आहे, आणि मी विश्रांतीतून थेट ‘ला’वर येते. तिथून ‘फा’वर उडी, मग ‘मि’. आता सोलला सा मानलं तर माझे स्वर होतात रे, कोमल नी, ध. यात घाबरण्यासारखं काय आहे? मिरजेत वाढलेल्या मुलीला साच्या उरावर रे लावायची भीती वाटावी? आमच्या गल्लीत सकाळी उठल्यापासून कुणी ना कुणी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं. तारेखाली दोरा सरकवायचा, वाजवायचं, पुन्हा सरकवायचा. त्या गुंजनात जो स्वर पडेल तो आपलाच वाटायचा. त्या रात्री मी घरी येऊन मोबाइलवर तानपुरा लावला, पांढरी पाच, म्हणजे तोच सोल. डोळे मिटून गायले. रे, नी, ध. छान लागलं. गोड लागलं. शेजारच्या खोलीतून मुलाने विचारलंसुद्धा, हे कुठलं भजन? मग सरावासाठी दिलेलं रेकॉर्डिंग लावलं, ज्यात माझा आवाज वगळून बाकीचे चार आहेत. तोच सा, तोच रे. आणि पोटात गोळा आला. म्हणजे स्वर तोच होता. तानपुऱ्याने त्याला विचारलंही नव्हतं, कुठून आलास. पण इथे चौघं जण आधीच एकमेकांशी जुळवून, घडी बसवून उभे होते, आणि मी मध्येच जाऊन उभी राहत होते.

दुखत होतं ते चारचौघांत.

त्या काळचा नियम असा की खटकणारा स्वर आणायचा तर त्याची तयारी करायची. तो आधी सगळ्यांशी पटणारा असायला हवा, मग तो जागेवर धरून ठेवायचा, खालचे स्वर बदलले की तो खटकायला लागतो, आणि मग त्याने गुपचूप एक पायरी खाली उतरायचं. पाहुण्यासारखं. आधी पत्र टाकायचं, यायचं, थोडा त्रास द्यायचा, वेळेत निघायचं. मोंतेवेर्दीचा ‘ला’ पत्र टाकत नाही. शांततेतून येतो आणि तिथून एक पायरी उतरायची सोडून आणखी एका खटकणाऱ्या स्वरावर उडी मारतो. यावर जो माणूस खवळला तो आमच्याच गावचा, बोलोन्याच्या सान साल्वातोरे संघातला एक धर्मगुरू, जोव्हान्नी मारिया आर्तुसी. आज इथे कुणालाही ‘आर्तुसी’ म्हटलं तर त्यांना एकोणिसाव्या शतकात पाकपुस्तक लिहिणारा आर्तुसी आठवतो. घरोघरी ते पुस्तक असतं, पिठाचे डाग पडलेलं. मीसुद्धा आजींना म्हटलं, आर्तुसीने या गाण्यावर टीका केली होती ना, तर त्या दचकून म्हणाल्या, त्याचा काय संबंध, तो तर रसिक माणूस होता.

हा आर्तुसी वेगळा. 1600 साली त्याने व्हेनिसमध्ये पुस्तक छापलं, आधुनिक संगीतातल्या दोषांबद्दल. लुका आणि व्हारिओ अशा दोघांचा संवाद आहे. लुका सांगतो, मी फेर्रारात एका घरी नवे माद्रिगाल, म्हणजे अशी अनेक आवाजांत बांधलेली गाणी, ऐकले, आणि मग त्यातल्या काही जागा दोघं मिळून तपासतात. ‘क्रूदा आमारिल्ली’ तेव्हा छापलंही गेलं नव्हतं, हातोहात फिरत होतं. मोंतेवेर्दीने ते आपल्या माद्रिगालांच्या पाचव्या पुस्तकात पहिल्या क्रमांकावर टाकलं ते 1605 साली. आर्तुसी मला खलनायक वाटत नाही. आपल्याकडे शुद्धलेखनाचे मास्तर असतात तसा आहे, लाल पेन घेऊन बसलेला, आणि त्याचं व्याकरण बरोबरच आहे. पण एक गोष्ट त्याने केली ती माझ्या मनातून जाईना. त्याने चुकीच्या जागा उदाहरण म्हणून छापल्या त्या नुसत्या स्वरांत. खालचे शब्द काढून टाकले. बांधणाऱ्याचं नावही नाही. ‘आही लास्सो’ हे शब्द गेले की उरतं काय? खर्जात सोल, वर ला, मग फा. कुणीही म्हणेल, चुकलंच आहे की.

हे वाचलं आणि मला आत्या आठवली.

आमच्या घरात एक वाक्य होतं. “तिचं तेव्हा जरा चुकलंच.” लग्नकार्यात, जागरणात, बायका पापड लाटत असताना कधीतरी ते यायचं आणि त्यावर सगळे मान हलवायचे. कोण, कुणाबरोबर, काय, यातलं काही नाही. आम्ही पोरं खोलीत शिरलो की विषय शेवयांवर जायचा. आत्या शाळेत शिकवायची, गायची, पेटी वाजवायची, लग्न केलं नाही. मोठी झाले तसे तुकडे हाताला लागत गेले. 1968च्या सुमारासची गोष्ट. सांगलीचा एक मुलगा गाण्याच्या क्लासात तबल्याची साथ करायला यायचा. त्याचं लग्न ठरलं. आणि मग एका दुपारी आत्या मिरजेहून बस पकडून, घरी न सांगता, त्यांनाही न कळवता, त्याच्या घरी गेली. पंगत बसलेली होती. ती दारात उभी राहिली, काहीतरी बोलली, आणि आल्या बसने परत आली. एवढंच. काय बोलली ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आजोबा, काका, आई, सगळे जण गोष्ट सांगताना दारापर्यंत यायचे आणि तिथून थेट “चुकलंच”वर उडी मारायचे. आजोबा वाईट होते असं नाही. त्यांना व्यवस्थित रीत माहीत होती, मुलीकडून कुणी मध्यस्थ जातो, पत्रिका जाते, बोलणी होतात. रीतीत बसत नव्हतं ते त्यांच्या कानाला बेसूर लागलं. मी वीस-बावीस वर्षांची असताना स्वतःच्या एका भानगडीत सापडले होते. धीर करून आत्यालाच विचारलं, तू काय बोललीस गं तिथे? ती पेटीचा भाता पुसत होती. म्हणाली, “त्याची आई वरणभातावर तूप वाढत होती. चमचा तसाच वर राहिला आणि तूप पाटावर सांडलं.” मग पेटी झाकून आत गेली. आत्याने त्या दुपारबद्दल मला सांगितलेलं तेवढंच.

मधल्या काळात मी एक रविवार काढून मांतोवाला जाऊन आले. कारण काही नाही, मोंतेवेर्दी तिथल्या ड्यूकच्या नोकरीत असताना हे सगळं झालं म्हणून. गावाला तिन्ही बाजूंनी मिंचो नदीची तळी आहेत. हिवाळ्यात धुकं इतकं की पूल अर्ध्यावर संपल्यासारखा वाटतो. उन्हाळ्यात त्या तळ्यात कमळं फुलतात. 1921 साली कुणी कौतुकाने आणून लावली आणि आता ती आवरता आवरत नाहीत. मी गेले तेव्हा नुसते काळे देठ पाण्यात मोडून पडले होते. जुना रोमन कवी व्हर्जिल याच भागातला. त्याच्या एका गोपगीतातही एक मेंढपाळ असाच झुरतो, त्यातही पांढऱ्या लिगुस्त्रोची फुलं आहेत, आणि आमारिल्लीसुद्धा नावापुरती येऊन जाते. म्हणजे ग्वारिनीने हे सगळं सामान जुन्या घरातूनच उचललं होतं. लिगुस्त्रो मी रोज बघते. आमच्या इमारतीचं कुंपणच त्याचं आहे. जूनमध्ये बारीक पांढरे तुरे येतात, वास जड, थोडा शिळ्या मधासारखा, डोकं चढवणारा. कुणाच्या गोरेपणाला ही उपमा सुचावी असं ते फूल नाही, पण उपमा एकदा घरात आली की बाहेर जात नाही.

बहिऱ्या नागाचं मात्र मला हसू आलं. बायबलच्या स्तोत्रातला नाग आहे तो, गारुड्याचा मंत्र ऐकू येऊ नये म्हणून कान बंद करून घेणारा. पुढे लोकांनी त्यात भर घातली की तो एक कान जमिनीला टेकवतो आणि दुसऱ्यात शेपूट घालतो. आपला नाग पुंगीवर डोलतो, यांचा नाग कानात शेपूट घालतो, आणि प्राणिशास्त्र सांगतं की नागाला बाहेरचे कानच नसतात, तो हादरे ओळखतो. मिर्तिल्लोने एवढं सुरेल रडण्याऐवजी पाय आपटला असता तर कदाचित जास्त पोचलं असतं.

बोलोन्यातल्या संगीत संग्रहालयात त्या काळची गाण्याची पुस्तकं काचेआड बघायला मिळतात. पूर्ण गाणं एका पानावर कुठेच नाही. प्रत्येक आवाजाचं वेगळं, पातळ पुस्तक. वरच्या आवाजाचं एक, खर्जाचं एक. मंडळी टेबलाभोवती बसायची, आपापलं पुस्तक उघडायची आणि गायची. म्हणजे माझ्या जागी जी कुणी बसली असेल तिच्या पुस्तकात फक्त एक विश्रांतीची खूण होती आणि मग साधा, निरुपद्रवी ‘ला’. खाली सोल आहे हे तिला दिसतच नव्हतं. तिने तोंड उघडल्यावरच तिला आणि बाकीच्या चौघांना एकदम कळलं असणार. मला हे फार भावलं. आणि हेवाही वाटला, कारण माझ्या हातात पाचही आवाज एकाखाली एक छापलेला कागद असतो. मला दोन ओळी आधीपासून माहीत असतं की आता काय होणार आहे, म्हणून मी आधीच वाकलेली असते. आत्याला माहीत होतं का? बसमध्ये बसताना तिला पंगत दिसत होती की नुसता आपला स्वर?

मोंतेवेर्दीने पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीला वाचकांसाठी छोटंसं पत्र जोडलंय. त्यात तो म्हणतो, मी माझी कामं अशीच, योगायोगाने करत नाही. सविस्तर उत्तर एका वेगळ्या पुस्तकात देईन, असंही म्हणतो. ते पुस्तक कधी निघालं नाही. दोन वर्षांनी, 1607 साली, त्याच्या धाकट्या भावाने थोडं समजावून सांगितलं, की इथे शब्द मालकीण आहे आणि स्वरांनी तिची चाकरी करायची. पुढे 1633 साली, सहासष्टाव्या वर्षी एका पत्रात मोंतेवेर्दी लिहितो की तो टीकाकार नंतर नुसता गप्प झाला नाही, तर आपलं कौतुकही करू लागला. आर्तुसी तोवर जाऊन वीस वर्षं झाली होती. खरं काय ते त्या दोघांना माहीत. आपल्याकडेही बिहागातला तीव्र मध्यम एके काळी विवादी, म्हणजे रागात न बसणारा, म्हणून चोरून लावायचे असं सांगतात. आज तो नसेल तर लोक म्हणतात, बिहाग कसला हा.

आणि या सगळ्या धांदलीत मी पुस्तकाचं पुढचं पान उलटलं नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाचा माद्रिगाल आहे ‘ओ मिर्तिल्लो’. हे आमारिल्लीचं बोलणं. नाटकात ते बरंच पुढे, तिसऱ्या अंकात येतं, पण मोंतेवेर्दीने दोन्ही गाणी शेजारी-शेजारी ठेवली. ती म्हणते, मिर्तिल्लो, माझ्या जिवा, जिला तू अतिनिष्ठुर आमारिल्ली म्हणतोस तिच्या काळजात काय चाललंय हे तुला आत येऊन बघता आलं असतं तर. म्हणजे बहिरी नव्हतीच ती. तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं आहे आणि नाटक जिथे घडतं त्या आर्केडियाचा कायदा असा की वचन मोडणाऱ्या बाईला मरण. म्हणून ती त्याच्या तोंडावर कठोर बोलते आणि तो निघून गेल्यावर हे म्हणते. आम्ही दोन्ही गाणी गातो. तेच पाच आवाज, त्याच खुर्च्या, तीच मी. त्याचा आक्रोश मीच करायचा आणि तिचा कबुलीजबाबही मीच द्यायचा. ज्ञानोबांनी विरहिणी व्हायचं आणि मी मेंढपाळ, हे जमून जातं, त्यात नवल नाही. पण पान उलटताना दर वेळी हात अडखळतो. मधे एवढंसं अंतर आहे, एक कागद उलटण्याएवढं, आणि मिर्तिल्लोला ते ऐकू जात नाही.

डिसेंबरात आमचा छोटासा कार्यक्रम झाला. पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी गाणाऱ्यांचे नातेवाईक. तेराव्या मापात मी आले. फार काही विचार केला नाही. चौघं उभे होते, मी आत गेले आणि उभी राहिले. खर्जातल्या उंच माणसाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यालाही टोचलं. माएस्त्राचा चेहरा तसाच राहिला, तिने फक्त डावा हात किंचित लांब ठेवला, उतरू नकोस इतक्यात, असा.

रेकॉर्डिंग मी आत्याला पाठवलं. ती आता एकोणऐंशीची आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण कान खणखणीत, आणि व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं ती स्पीकरवर लावून ऐकते, मग शेजारीपाजारी ऐकोत. रविवारी तिचा फोन आला. म्हटलं, कळलं का काही? “शब्द कुठे कळायला गं मला,” ती म्हणाली. “पण ते पाच जणांचं एकदम म्हणजे जरा बाजार वाटतो. सुरुवातीला तुझा एक रे आहे बघ, वरून येतो तो.” मी फोन घट्ट धरला. म्हटलं, तो बेसूर वाटतो का? “छे, बेसूर कुठला? चांगला लागलाय. घाईने का सोडलास? जरा उभी राहायचंस त्यावर.” मग गुडघ्याचं, गॅस सिलिंडरचं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं बोलणं झालं. ठेवता ठेवता तिने विचारलं, “मग पुढे काय होतं त्या गाण्यात? बाई हो म्हणते का त्याला?”

दुसरं गाणंही त्याच संध्याकाळचं, माझ्या फोनमध्येच आहे. सव्वाचार मिनिटांचं. म्हटलं, पाठवते. अजून पाठवलेलं नाही.